डक्टमधलं जपानी गाणं

माझी बायको मला सोडून गेली असं मी फारसं कुणाला सांगत नाही. ते वाक्य ऐकलं की पुढचं लोक आपलं आपणच ठरवतात. भांडणं असतील, दारू असेल, तिसरं कुणीतरी असेल. आमच्यात यातलं काहीच नव्हतं. तिची थोरली बहीण देवरुखला एकटी राहायची. तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ही बॅग भरून गेली. जाताना तिनं वाटण करून डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवलं, आणि वॉशिंग मशिनचं कुठलं बटण कधी दाबायचं ते मला दोनदा करून दाखवलं. बहीण बरेच महिने अंथरुणात होती, मग गेली. दिवसकार्याला मी आणि बंगळुरूहून आमची मुलगी, दोघंही देवरुखला होतो. सगळं आटोपलं, पाहुणे पांगले. आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी पडवीत तांदूळ निवडता निवडता ती मला म्हणाली, "मी आता इथंच राहते."

मला वाटलं पंधरा दिवस, फार तर महिना म्हणतेय. मी म्हटलं, राहा की, घराचं काय ते मार्गी लावून ये.

तिनं सुपातून मान वर केली नाही. "येणार नाही म्हणतेय मी," ती म्हणाली.

मी कारण विचारलं. तिला ते धड सांगता आलं नाही. माझ्यावर राग नाही एवढं मात्र ती पुन्हा पुन्हा म्हणाली. मुलगी आत कपड्यांच्या घड्या घालत होती, तिनं सगळं ऐकलं असणार. परतताना पनवेलला तिनं मला चहा आणून दिला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मला कळलं की हे खरंच झालंय.

भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात आमची जागा. लालबागच्या चाळीतली खोली विकून, मुलगी बालवाडीत असताना आम्ही इथं आलो. अंधेरीला एका कंपनीत माल रवाना करायच्या खात्यात मी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. म्हणजे घरी बसायची वेळ आली आणि त्याच सुमारास घरात बसायला मी एकटाच उरलो. बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं तर मी म्हणायचो, देवरुखला आहे. हे खोटं नव्हतं. खारी गावातून मासे घेऊन एक कोळीण आमच्या गेटवर बसते. तिनं दोन-तीनदा विचारलं, "बाय न्हाय का घरान?" तिलाही मी तेच सांगितलं. त्यानंतर ती न विचारताच एका माणसापुरते बोंबील काढून ठेवायला लागली.

लोक म्हणतात दुःखात गाणी ऐकावीत. मला ते जमत नव्हतं. आमच्या घरात सकाळपासून जुनी गाणी लागलेली असायची, मराठी आणि हिंदी, आणि ती त्यांच्याबरोबर गुणगुणायची. तिला शब्द पाठ नसायचे. मधलं एखादं कडवं ती सरळ आपल्या मनाचं घालायची, तेही सुरात. इतक्या वर्षांनी मलाही ती गाणी तिच्याच शब्दांत ऐकू यायची. आता कुठलंही गाणं लावलं आणि तो बरोबर शब्द आला, की ती घरात नाही हे नव्याने कळायचं. मग मी गाणी बंदच केली. बातम्यांची चॅनलं लावून ठेवायचो, आवाज असावा म्हणून.

आमच्या इमारतीत सगळी स्वयंपाकघरं मधल्या डक्टवर, हवेसाठी सोडलेल्या पोकळीवर, उघडतात. त्या डक्टमधून खालच्या मजल्यावरच्या गुजराती कुटुंबाच्या हिंगाच्या फोडणीचा वास येतो, कुणाच्या तरी मिक्सरची घरघर येते, पाण्याच्या पाइपांची गडगड येते. एका दुपारी मी भाताचे तांदूळ धूत होतो आणि वरून एक गाणं आलं. पुरुषाचा आवाज, वयस्कर, किंचित बसलेला. मागे व्हायोलिनं. भाषा कुठली ते कळेना. ओळ संपली तरी तो माणूस शेवटचा सूर सोडत नव्हता. सूर धरून ठेवायचा, आणि धरलेला तो सूर थरथरायचा. मी नळ बंद केला. गाणं संपेपर्यंत हात तांदळाच्या पाण्यातच होते. मग लक्षात आलं की मी रडतोय. ती गेल्यापासून मी रडलो नव्हतो, देवरुखलाही नाही.

मी डोळे पुसले आणि जिना चढून वर गेलो. वरच्या फ्लॅटमध्ये चाळिशीच्या आसपासची एक बाई भाड्यानं राहते आणि घरीच कसले तरी क्लासेस घेते, एवढं मला माहीत होतं. तिनं दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाली, सॉरी काका, आवाज कमी करते. मी म्हटलं, नको, मला फक्त विचारायचं होतं की हे कुठल्या भाषेतलं आहे.

ते जपानी निघालं. ती जपानी शिकवायची. ताटातुटीच्या आणि विरहाच्या गाण्यांचा तिकडे एक जुना प्रकारच आहे, तिनं सांगितलं, तिच्या वडिलांच्या वयाची माणसं ऐकतात तसला. ते गायक एकेक शब्द सावकाश उच्चारतात, म्हणून विद्यार्थ्यांचा कान तयार करायला ती मधूनमधून ती गाणी लावते. तिनं मला ते गाणं मोबाइलवर पाठवलं. मी का विचारतोय ते तिनं विचारलं नाही. पण जिन्यात उतरताना माझ्यामागे दार बंद झाल्याचा आवाज बऱ्याच उशिरानं आला.

तिथून सुरू झालं. एका गाण्याखाली मोबाइल आपोआप दुसरं दाखवतो, त्याखाली तिसरं. बंदरावर उभ्या असलेल्या बायका, बर्फातली स्टेशनं, छोट्या दारूच्या दुकानात एकटे बसलेले पुरुष. चित्रांवरून एवढंच कळायचं. काही नवी गाणीही होती, कोवळ्या मुलींच्या आवाजातली, मागे नुसता पियानो. पण मी फिरून त्या पहिल्या म्हाताऱ्या आवाजाकडे यायचो. सकाळी खाडीवर, जेसल पार्कच्या चौपाटीवर जायचो, कानात इअरफोन घालून बाकावर बसायचो. समोर ओहोटीचा चिखल, पलीकडे नायगावकडे जाणारा रेल्वेचा पूल. तिथं फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांनी एकदा माझे ओले डोळे बघून अदबीनं विचारलं, कुणाचं प्रवचन ऐकता? मी म्हटलं, आहेत एक महाराज. त्यांनी हात जोडले.

मला त्या गाण्यांनी बरं वाटायचं असं नाही म्हणता येणार. पण त्यांत ती कुठेच नव्हती. त्या भाषेत तिनं मला कधी हाक मारली नव्हती, कधी काही आणायला सांगितलं नव्हतं, कधी शब्द चुकवले नव्हते. तिथं फक्त दुःख होतं आणि ते माझ्या ओळखीचं होतं. आमच्यासारख्या घरात पुरुषाला बायको गेल्यावर रडायची सोय आहे ती फक्त ती वारली तर. माझी बायको जिवंत होती, खुशाल होती, आणि देवरुखला काजूची झाडं बघत होती. मी कशासाठी रडतोय हे कुणाला सांगणार? त्या जपानी माणसाला सांगावं लागत नव्हतं. तो माझ्या आधीच रडत होता.

काही दिवसांनी मला त्याचे शब्द कळावेसे वाटायला लागले. वरच्या मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी अर्थ सांगितलाही असता. मोबाइलही सांगतो म्हणे. पण मला तो असा आयता नको होता, का ते नीट सांगता येत नाही. मी वर गेलो आणि क्लासला नाव घातलं.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, जपानी?" मी म्हटलं, वेळ जात नाही. ती म्हणाली, करा, छान आहे. ती आईशी वेगळी बोलायची आणि माझ्याशी वेगळी. एकाचं दुसऱ्याला सांगायची नाही. हे ती कुठून शिकली कोण जाणे, पण ते करताना तिचा आवाज थकलेला असायचा.

क्लासमध्ये मी सोडून सगळ्या मुली. बहुतेक मीरा रोडच्या हॉस्पिटलांमधून काम करणाऱ्या नर्सेस, मल्याळी आणि काही झारखंडच्या. जपानला म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची नोकरी मिळते, त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, म्हणून शिकत होत्या. मला अंकल म्हणायच्या. पहिल्या दिवशी एकीनं विचारलं, "अंकल, आप भी जाएँगे?" मी म्हटलं, मैं तो बस गाना समझने आया हूँ. त्या हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. ड्यूटी करून आलेल्या असल्यामुळे त्या कधीकधी बसल्या जागी पेंगायच्या. मॅडम तेवढ्यापुरता आवाज खाली आणायच्या.

मराठी माणसाला जपानी सोपं जातं असं मॅडम म्हणायच्या, कारण क्रियापद शेवटी. इंग्रजीसारखं आधीच सगळं सांगून टाकत नाहीत. शेवटपर्यंत थांबावं लागतं, गेला की नाही गेला ते शेवटच्या शब्दात. दुसरं म्हणजे मी आणि तू हे शब्द ते लोक फारसे वापरतच नाहीत. कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, ते आपण समजून घ्यायचं. आणि तिसरं, क्रियापदावरून बाई की पुरुष ते कळत नाही. गेला, गेली, सगळं एकच. मला हे सगळं ऐकायला मजा वाटायची. पण त्याचा माझ्या गाण्याशी काही संबंध असेल हे काही डोक्यात आलं नाही.

गाण्यात एक ओळ फिरून फिरून यायची. कुत्सु ओ ओइते किता. पहिल्या दिवसांत मला त्यातलं फक्त किता ऐकू यायचं आणि शाळेतला कित्ता आठवायचा. पुढे कुत्सु म्हणजे बूट हे पुस्तकात आलं. ओइते म्हणजे ठेवणं, तेही आलं. दिशांचा धडा आला तेव्हा किता म्हणजे उत्तर हे कळलं. मी त्या दुपारी घरी येऊन ते गाणं जुळवत बसलो. उत्तर दिशा, बूट, शेवटच्या कडव्यात समुद्र, संध्याकाळ, दार. मला सगळं चित्र दिसलं. त्याची बायको उत्तरेला निघून गेलीय. हा म्हातारा बूट घालून बर्फात तिला शोधत गेलाय, आणि कुठल्या तरी समुद्राकाठच्या गावात एका बंद दारासमोर उभा राहून गातोय. मी ते कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर गाणं ऐकताना मी त्याच्याबरोबर तिथं उभा असायचो. देवरुख दक्षिणेला आहे आणि तिथं बर्फ पडत नाही, तरीही.

मग मॅडमनी प्रत्येकाला एक आवडतं गाणं आणून त्याचा अर्थ सांगायला सांगितलं. मुलींनी नवी गाणी आणली, पियानोवाली. माझी पाळी आली तेव्हा मी वही मिटली. मी म्हटलं, माझं मी नंतर सांगतो. मुली गेल्या. मी मॅडमना गाणं लावून दाखवलं आणि माझा अर्थ सांगितला, बर्फापासून दारापर्यंत.

त्यांनी मध्ये टोकलं नाही. मी संपवल्यावर त्यांनी ती बुटांची ओळ पुन्हा लावली. मग म्हणाल्या, "काका, इथलं किता म्हणजे उत्तर नाही. येणं आहे ते. तुम्ही अजून किमाश्ता, म्हणजे आले, एवढंच शिकलात, हे त्याचंच घरगुती रूप. ओइते किता. आपल्या मराठीत अगदी तस्संच म्हणतो आपण. ठेवून आले."

मी विचारलं, "कोण?"

"ती."

"पण गातोय तर तो."

"गातोय पुरुषच. पण बोलतेय बाई. या गाण्यांत असं खूप असतं. आपल्याकडे गौळण म्हणतात ना भजनी मंडळातले बाप्ये, तसं."

मग त्यांनी ते गाणं मला पहिल्यापासून समजावून सांगितलं. एका बाईनं आपलं घर सोडलंय. नवरा वाईट नव्हता, भांडणही नव्हतं. ती आपल्या लहानपणच्या समुद्राकाठच्या गावी येऊन राहिलीय आणि तिथून त्याच्याशी मनातल्या मनात बोलतेय. दारात तुझ्या जोड्यांशेजारी माझे जोडे ठेवून आले, म्हणतेय. कुणी आलं तर त्याला वाटावं, घरात दोघं आहेत. कुणी विचारलं तर सांग, इथंच कुठंतरी गेलीय. संध्याकाळी समुद्रावर दिवे लागले की मला रडू येतं. पण तू माझ्यासाठी दार उघडं ठेवू नकोस, थंडी आहे.

मी आभार मानून खाली आलो. भात लावायचा राहिला होता, तो लावला. मला फार राग आला होता. कुणाचा ते ठरवता येत नव्हतं. इतके महिने मी त्या आवाजाला धरून बसलो होतो. मला वाटत होतं की जगात कुठंतरी एक म्हातारा आहे ज्याच्यावर माझ्यासारखंच गुदरलंय. आणि तो म्हातारा तिचं बोलत होता. माझ्यासाठी कुणीच गात नव्हतं. मी मोबाइलमधून ते गाणं काढून टाकलं आणि क्लासला जाणं बंद केलं. मॅडमनी दोनदा मेसेज केला, बरे आहात ना. मी अंगठा पाठवला.

चौपाटीवर जायचो, पण इअरफोन न घालता. जोड्यांची ती ओळ काही डोक्यातून जात नव्हती. तोपर्यंत मला वाटायचं की सोडून जाणाऱ्याचं सगळं मोकळं होत असेल. रडायचं काम मागे राहिलेल्याचं. तिला फोन केला की ती हसून बोलायची, बागेचं सांगायची. मी ते हसणं खरं धरलं होतं. आता ते धरता येईना.

पावसाळा सरल्यावर तिचं भाईंदरला येणं ठरलं. आमची इमारत पाडून नवी बांधायची आहे, जागा दोघांच्या नावावर, त्यामुळे करारावर दोघांच्याही सह्या हव्या होत्या. दोन रात्रींसाठी आली. मी स्टेशनवर घ्यायला गेलो. ती बारीक झाली होती आणि उन्हानं सावळी, आणि तिला ते शोभत होतं. घरी आल्यावर तिनं आपली बॅग कपाटात न ठेवता सोफ्याच्या कडेला ठेवली. मी केलेली भाजी खाल्ली आणि म्हणाली, चांगली झालीय, मीठ बेतानं घालायला लागलात. स्वयंपाकघरात गेली तेव्हा साखरेचा डबा तिला सापडला नाही. मी तो वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणला होता.

सह्यांच्या दिवशी सोसायटीच्या ऑफिसात गर्दी होती. सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या. कशी आहेस, बहिणीचं ऐकून वाईट वाटलं, आता आलीस ते बरं झालं. कुणीतरी नव्या जागेचा नकाशा तिच्यापुढे धरला आणि विचारलं, वहिनी, ओटा कुठल्या बाजूला घेणार? ती नकाशावर वाकली, नीट बघितलं, आणि म्हणाली, खिडकीखाली चांगला पडेल, उजेड येईल. मी दाराशी उभा होतो. तिनं ते इतक्या प्रेमानं सांगितलं की क्षणभर मलाही वाटलं, राहणार आहे ती.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मी तिला म्हटलं, तुला एक गाणं ऐकवायचंय. काढून टाकलेलं गाणं मी पुन्हा शोधून ठेवलं होतं. ती खुर्चीत बसली. मी मोबाइल टेबलावर ठेवला आणि एकेक ओळ झाली की थांबवून मराठीत सांगायला लागलो. जपानीत बाई-पुरुष कळत नाही, पण मराठीत सांगताना ठरवावंच लागतं. ठेवून आले. रडू येतं मला. विसरले नाही. माझ्या तोंडून ती बाईची क्रियापदं निघत होती आणि ती माझ्याकडे बघत होती. पहिल्या दोन ओळींना ती हसली, मी जपानी बोलतोय म्हणून. मग हसायची थांबली. शेवटची ओळ सांगितली तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. नुसती बसून होती आणि गालांवरून पाणी येत होतं.

मी विचारलं, "तू रडतेस का गं तिथं?"

"रडते की," ती म्हणाली. "रोज नाही. दिवे लागायच्या वेळेला येतं कधीकधी."

"मग ये ना परत."

तिनं मान हलवली. "रडू येतं म्हणजे परत यायचंय, असं नसतं हो."

डक्टमधून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली. मग तिनं जे सांगितलं ते तिनं बरेच दिवस मनात जुळवलेलं असावं, कारण ती थांबत थांबत, पण न चुकता बोलली. "इथं मी सारखी कुणाची ना कुणाची वाट बघत होते. तुम्ही ऑफिसातून यायची, पोर कॉलेजातून यायची, पाणी यायची. तुम्ही काही केलं नाहीत. तुम्ही वेळेवरच यायचात. पण माझा सगळा जन्म त्या दाराकडे बघण्यात गेला. तिथं ताई गेल्यावर एक दिवस मी पडवीत बसले होते आणि मला कळलं, आज कुणी यायचं नाहीये. मला इतकं हलकं वाटलं की भीती वाटली. तुम्हाला हे कसं सांगायचं तेच कळत नव्हतं."

मला बरंच काही बोलायचं होतं. मी निवृत्त झालो आहे, आता घरीच असतो, आता वाट बघावी लागणार नाही, हे सगळं तोंडापर्यंत आलं. पण ते बोलण्यात अर्थ नाही हे तिच्या चेहऱ्याकडे बघून कळत होतं. मी म्हटलं, "कळलं." तेवढंच. तिनं माझा हात धरला. आम्ही दोघंही वयानं मोठी माणसं, असे हात धरून बसायची सवय नाही. पण बसलो. थोड्या वेळानं ती म्हणाली, पुन्हा लावा, मध्ये न थांबवता. मी लावलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, आवाज चांगला आहे, पण त्याला सर्दी झालीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरिवलीहून तिची एसटी होती. मी सोडायला गेलो. खिडकीजवळची जागा मिळाली तिला. आम्ही पाण्याच्या बाटलीबद्दल बोललो, संगमेश्वरला उतरून पुढे काय मिळेल त्याबद्दल बोललो. गाडी हलल्यावर तिनं हात केला, आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत खिडकीतून मान बाहेर काढून बघत राहिली. मी आधी कधी तिला असं जाताना बघितलं नव्हतं. पहिल्या वेळेला ती बहिणीकडे गेली तेव्हा मी ऑफिसात होतो. या वेळी ती गेली हे मी उभं राहून पाहिलं. परत येताना दहिसरपाशी मला रिक्षातच रडू आलं, आणि रिक्षावाल्यानं आरशात बघून गाणं बंद केलं. मी त्याला म्हटलं, रहने दो, चलने दो.

मी पुन्हा क्लासला जायला लागलो. मॅडमनी काही विचारलं नाही, फक्त राहिलेल्या धड्यांच्या झेरॉक्स पुढे केल्या. माझं राहिलेलं गाणं मी मुलींना ऐकवलं. मुलींपैकी दोघी परीक्षा पास होऊन जपानला गेल्या. तिथून त्या आम्हाला बर्फाचे फोटो पाठवतात. एकीनं लिहिलं होतं, अंकल, माझ्याकडच्या आजी तुमचं गाणं गुणगुणतात. रोज दुपारी मी अजून गाणी ऐकतो आणि रोज काही रडत नाही. ऐकताना आता तो म्हातारा दिसत नाही, देवरुखची पडवी दिसते. त्यानं दुःख कमी झालं असं नाही. उलट वाढलंच म्हणायचं, कारण आता त्यात तिचंही आहे.

इमारत रिकामी करायची तारीख जवळ आली. नवघर रोडला मी एक लहानशी जागा भाड्यानं बघून ठेवलीय. सामान बांधायला घेतलं तेव्हा फोन करून तिला विचारलं, तुझं काय काय ठेवू. तिनं फक्त शिवणयंत्र मागितलं आणि म्हणाली, बाकीचं तुम्हाला लागेल ते घ्या. रविवारी दुपारी ती आपणहून फोन करते. मुलीचं बोलतो, पाऊसपाण्याचं बोलतो, तिच्याकडे माकडं फार झालीत त्याचं बोलतो. मागच्या रविवारी बोलणं लवकर संपलं. ती म्हणाली, बरं. मीही म्हटलं, बरं. तिच्याकडे कुठंतरी बादलीत पाणी पडत होतं ते ऐकू येत होतं, आणि बराच वेळ आम्हा दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.